नोकरी सांभाळून पशुवैद्यक तंत्राचे शिक्षण

जामनेर तालुक्यातील पहूर हे वाघूर नदीकाठचे, अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळचे बाजाराचे गाव. परिसरातील शेती मुख्यतः कापसाची. या शेतीला बैलांचा आधार आणि दुभत्या जनावरांची जोड असते. सातपुड्याच्या पायथ्याशी व तापीच्या खोऱ्यात आढळणारा खिल्लार जनावरांचा ‘तापी खिल्लारी’ अथवा ‘थिल्लारी’ हा प्रकार खानदेशाचे भूषण मानला जातो. अशा भागात ऐन हंगामात बैल बसला किंवा दुभती म्हैस आटली, तर त्या घराचे वर्षाचे गणित कोलमडते.

जनावरांच्या आरोग्याचा भार पशुवैद्यक एकटा वाहू शकत नाही. पशुधन पर्यवेक्षक, व्रणोपचारक, परिचर, कृत्रिम रेतन सेवक आणि दूध संस्थेचे कर्मचारी त्याच्या हाताखाली किंवा त्याच्या जोडीने काम करीत असतात. यांपैकी अनेकांना अधिक शिकण्याची इच्छा असते. परंतु नोकरी व घर सोडून दूरच्या शहरात राहणे त्यांना परवडत नाही. राज्यातील जुनी पशुवैद्यक महाविद्यालये मुंबई (१८८६), नागपूर (१९५८) आणि परभणी (१९७२) येथील. पहूरच्या कर्मचाऱ्यास ही तिन्ही ठिकाणे लांबचीच. म्हणूनच दूरशिक्षणाचा विचार पुढे येतो. या मार्गाने काय साधते आणि काय साधत नाही, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे.

कायद्याची मर्यादा

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ याच्या कलम ३० नुसार पशुवैद्यकाचा व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. मात्र विहित पदविका किंवा प्रमाणपत्र धारण करणाऱ्या पर्यवेक्षकास अथवा पशुधन साहाय्यकास, राज्य शासनाच्या आदेशाने, नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली ‘किरकोळ पशुवैद्यकीय सेवा’ देता येतात. लसीकरण, खच्चीकरण, जखमांची मलमपट्टी आणि शासनाने अधिसूचित केलेले प्राथमिक उपचार यांचा त्यात समावेश होतो.

पशुवैद्यक पदवीचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यात एक वर्षाची आंतरवासिता आहे. ही पदवी टपालाने किंवा संगणकाच्या पडद्यावरून मिळत नाही. ‘घरबसल्या जनावरांचे डॉक्टर व्हा’ अशी जाहिरात दिसल्यास तीवर विश्वास ठेवू नये. अशा प्रमाणपत्रासाठी तरुणाची पुंजी जाते, आणि त्याच्या हातून चुकीचे इंजेक्शन टोचले गेल्यास शेतकऱ्याचे जनावरही जाते.

काय वाचून येते, काय हातानेच शिकावे लागते

तथापि, दूरशिक्षण निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. कर्मचारी जे काम रोज करतो, त्यामागील कारण त्याला पुस्तकातून कळू शकते. लस साधारणतः २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी, हा नियम त्याला ठाऊक असतो; पण उष्णतेने निकामी झालेली लस बाटलीत पूर्वीसारखीच दिसू शकते, हे कळल्यावर तो बर्फाची पेटी उन्हात ठेवीत नाही. गाय-म्हैस साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि म्हशीत ‘मुका माज’ अधिक आढळतो, हे समजल्यावर तो मालकास नोंदवही ठेवावयास सांगतो. घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वीच का द्यावयाच्या, हेही त्याला पटवून देता येते.

याउलट, गुदमार्गाने हात घालून गर्भाशयाचे मुख ओळखणे, बिथरलेल्या बैलाला इजा न करता आवरणे किंवा जखमेतील अळ्या काढणे या गोष्टी वाचून येत नाहीत. त्यासाठी जाणत्या पशुवैद्यकाच्या नजरेखाली पुनःपुन्हा सराव करावा लागतो. आणि येथेच नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याची बाजू वरचढ ठरते; कारण दवाखाना हीच त्याची प्रयोगशाळा असते.

अमेरिकेत पशुवैद्यक तंत्रज्ञांचे मान्यताप्राप्त दूरशिक्षण याच तत्त्वावर चालते. विद्यार्थी तात्त्विक भाग घरी शिकतो आणि ठरवून दिलेली कौशल्ये पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष करून दाखवितो. तेथेही रोगनिदान, औषधयोजना व शस्त्रक्रिया हे अधिकार तंत्रज्ञास मिळत नाहीत.

उपलब्ध मार्ग

मुक्त शिक्षणासाठी १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. इंदिरा गांधी विद्यापीठाने दुग्धतंत्रज्ञान, मांसतंत्रज्ञान व कुक्कुटपालन या विषयांचे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने चालविले आहेत. हे अभ्यासक्रम पशुपालनाशी निगडित व्यवसायांचे आहेत. त्यांतून उपचाराचा अधिकार मिळत नाही. प्रवेश घेण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: अभ्यासक्रमास चालू वर्षाची मान्यता आहे काय, प्रात्यक्षिके कोठे होतात, आणि ज्या पदासाठी शिकावयाचे त्या पदाच्या सेवाप्रवेश नियमांत ही अर्हता बसते काय.

लम्पीचा धडा

प्रशिक्षित हातांचे मोल जळगाव जिल्ह्याने अलीकडेच अनुभवले. ऑगस्ट २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाच्या त्या वर्षीच्या साथीतील राज्यातील पहिला प्रादुर्भाव रावेर तालुक्यातील चिनावल येथे आढळला. माशा, डास व गोचिडांमुळे पसरणाऱ्या या विषाणुजन्य रोगाने पाहता पाहता राज्य व्यापले. जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले आणि गोवर्गीय जनावरांना शेळ्यांच्या देवीची लस देण्याची मोहीम हाती घेण्यात आली. २०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे १ कोटी ४० लक्ष गोवर्गीय जनावरे होती. एवढ्या जनावरांपर्यंत अल्पावधीत पोहोचणे केवळ पदवीधरांच्या बळावर शक्य नव्हते. प्रत्येक जनावरामागे सुई बदलणे, गाठी आलेले जनावर वेगळे बांधणे आणि गोठ्यात फवारणी करणे ही कामे साहाय्यकाला कारणांसह ठाऊक असतील, तर साथ आवरण्यास मोठी मदत होते.

सर्वांचा सहभाग

पशुधन विकास अधिकाऱ्याने शिकणाऱ्या कर्मचाऱ्यास आठवड्यातून काही तास शिकवून त्याच्या सरावाची नोंद ठेवावी. परीक्षेच्या काळात त्याची रजा अडणार नाही, हे वरिष्ठांनी पाहावे. ग्रामपंचायतीला आपल्या वाचनालयात पशुसंवर्धनाची मराठी पुस्तके ठेवता येतील. शिक्षकांनी दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना पदवी, पदविका व प्रमाणपत्र यांतील भेद वेळीच समजावून द्यावा. एवढे झाले, तर पहूरसारख्या गावातील परिचराला शिक्षणासाठी गाव सोडावे लागणार नाही, आणि गोठ्यातील जनावराला जाणत्या हाताचा लाभ होईल.