माहेरची एक लस

असोदा म्हटले की बहिणाबाई चौधरींचे माहेर आठवते. जळगावच्या अगदी शेजारचे हे गाव. लेकीची पाठवणी करताना खानदेशातले माहेर दागिने, कपडे, भांडी यांची बारकाईने यादी करते. त्या यादीत क्वचितच आढळणारी एक गोष्ट म्हणजे रुबेला, अर्थात जर्मन गोवर, या आजाराची लस.

रुबेला तसा सौम्य आजार. थोडा ताप, अंगावर बारीक पुरळ, कानामागे गाठी. तीन-चार दिवसांत सारे ओसरते. काहींना तर तो झाल्याचे कळतही नाही. परंतु गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत त्याचा संसर्ग झाल्यास विषाणू वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो. मग गर्भपात होतो, किंवा बाळ जन्मतःच मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयदोष घेऊन येते. अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत हा धोका नव्वद टक्क्यांपर्यंत असतो.

हा संबंध प्रथम ओळखला तो सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी, १९४१ मध्ये. तान्ह्या बाळांत मोतीबिंदू का वाढला, याचा शोध घेताना बहुतेक मातांना गर्भारपणाच्या आरंभी रुबेला झाल्याचे त्यांना आढळले. १९६४-६५ च्या साथीत एकट्या अमेरिकेत सुमारे २०,००० बाळे अशा व्यंगांसह जन्मली. पुढे लस आली, आणि २०१५ मध्ये दोन्ही अमेरिका खंड रुबेलामुक्त घोषित झाले.

महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलामुलींना शाळांत व अंगणवाड्यांत लस देण्यात आली. आता ती नियमित लसीकरणात आहे: पहिली मात्रा नऊ ते बारा महिन्यांत, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत.

मात्र त्या वेळी ज्या मुली पंधरा वर्षांच्या पुढे होत्या, त्या मोहिमेबाहेर राहिल्या. आज त्याच विवाहाच्या उंबरठ्यावर आहेत किंवा नुकत्याच सासरी आल्या आहेत. काहींनी लहानपणी खासगी दवाखान्यात एमएमआर लस घेतली असेल. इतरांनी डॉक्टरांना विचारून घ्यावे. रक्ताच्या एका तपासणीने प्रतिकारशक्ती आहे की नाही हे समजते. लस गर्भारपणात देता येत नाही. घेतल्यावर किमान एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. म्हणूनच तिची योग्य वेळ लग्नाआधीची.

सायटोमेगॅलो हा दुसरा विषाणू अधिक सर्रास आढळतो, आणि त्यावर अद्याप लस नाही. तो लहान मुलांच्या लाळेतून व लघवीतून पसरतो. घरात लहान मूल असलेल्या गर्भवतीने त्याचे उष्टे खाऊ नये, लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवावेत. या संसर्गाने येणारा बहिरेपणा कधी जन्मानंतर काही वर्षांनी उघड होतो. निदानासाठी बाळाची लघवी किंवा लाळ पहिल्या तीन आठवड्यांतच तपासावी लागते.

बाळ आवाजाला दचकत नसेल, बुबुळात पांढरेपणा दिसत असेल, तर ‘मोठेपणी सुधारेल’ म्हणून थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शासकीय रुग्णालयांत जन्मलेल्या बाळांची तपासणी व पुढील उपचार विनामूल्य होतात. श्रवणदोष जितक्या लवकर कळेल, तितकी भाषा वाचते.

वधूवर मेळावे, आरोग्य शिबिरे आपल्या समाजात नित्य होतात. तेथेच या लसीची विचारपूस झाली, तर दूरच्या खर्चाची आणि दुःखाची वाट जवळच अडवता येईल. रोकड-खतावणी काटेकोर ठेवणाऱ्या घरांनी लेकी-सुनांच्या लसीकरणाची नोंदही तितक्याच काळजीने ठेवावी.