गंजमधली सायकल आणि हेल्मेट

लखनौच्या हजरतगंजच्या चौकात सिग्नल सुटला की ई-रिक्षा डावीकडून घुसते आणि आपण सायकलवाले मध्येच अडकतो. तरी हेल्मेटवाला क्वचितच दिसतो. सक्ती नाहीच, मोटार वाहन कायद्याचं (1988) कलम 129 मोटारसायकलींपुरतं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने 1990 मध्ये सायकलला सक्ती केली. नेदरलँड्समध्ये बहुतेक जण बोडक्या डोक्यानेच फिरतात, पण तिथे सायकलला वेगळी वाट असते!

हेल्मेट घेताना आत ‘ईएन 1078’ हे युरोपीय मानक लिहिलंय का बघा. त्या मानकाच्या चाचणीत हेल्मेट साधारण दीड मीटरवरून आपटतात, म्हणजे सायकलवरून पडण्याइतकंच. बसच्या धडकेसाठी नाही. आतला थर्माकोल एकदा दबला की संपला, वरून कितीही चकचकीत दिसो. त्यामुळे जुनं, कुणाचं तरी वापरलेलं घेऊ नका.