जीप गेली, पांदण उरली

मराठवाड्यातील खेड्यांत एके काळी 'जीप आली' याचा अर्थ 'सरकार आले' असा होत असे. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या स्थापन झाल्या आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप ही ग्रामीण जीवनातील एक ठळक खूण बनली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांच्या रांगांपुढे येऊन थांबे ती जीपच. निवडणुकीत आडवळणाच्या गावी मतपेट्या पोहोचवी तीही जीपच. पुढे सरकारी सेवेतून निवृत्त होऊन ती खाजगी मालकाकडे आली, तेव्हा बाजाराच्या दिवशी दहा-बारा माणसे, दोन कोंबड्या आणि धान्याचे एखादे पोते घेऊन औंढ्याहून वा सेनगावहून हिंगोलीला येऊ लागली. जेथे रस्ता नाही तेथे जाणे हा तिचा धर्म होता. जेथे रस्ता होता तेथे ती इतर वाहनांच्या मानाने गैरसोयीचीच होती, आणि त्याबद्दल तिच्याविरुद्ध कोणाची तक्रारही नसे.

आज हिंगोली शहरात शाळा सुटण्याच्या वेळी उभे राहिले, तर या जीपचे वारस म्हणवणारी वाहने रांगेने उभी दिसतात. उंच बांधा, रुंद चाके, दणकट मुद्रा. या वाहनांना 'एसयूव्ही' म्हणतात, म्हणजे क्रीडेसाठीही उपयोगी आणि कामासाठीही उपयोगी असे वाहन. परंतु त्यांतील बहुसंख्य वाहने डांबरी रस्ता सोडून कधीच खाली उतरत नाहीत, आणि उतरलीच तर परत वर येण्याची खात्री देता येत नाही. रानवाटा तुडवणारे वाहन कुटुंबाची सोय पाहता पाहता आपला मूळ स्वभाव हरवून बसले आहे काय, असा प्रश्न वाहनांचे शौकीन हळहळून विचारतात. हळहळ बाजूला ठेवून त्याकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहणे अधिक उद्बोधक ठरेल.

रणांगणावरून शिवारात

जीप जन्मली ती दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेत विलिस व फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या सैन्यासाठी बनविल्या. आपल्याकडे १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र उद्योगाने १९४७ पासून मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. तेव्हापासून पुढील चार दशके ग्रामीण भारतातील दुर्गम वाटा आणि जीप यांचे समीकरण अबाधित राहिले. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली आणि ती प्रामुख्याने सैन्य, पोलीस व वनखाते यांच्या सेवेत रुजली. पुण्याच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, ट्रॅक्स आणली; तीच पुढे मराठवाड्यातील काळीपिवळी झाली.

कुटुंबाचा प्रवेश झाला तो १९९० नंतर. १९९४ ची टाटा सुमो, १९९८ ची टाटा सफारी, २००० ची बोलेरो आणि २००२ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडलेली स्कॉर्पिओ ही या स्थित्यंतराची चार ठळक स्थानके होत. यांचा सांगाडा अद्याप ट्रकसारखा शिडीच्या आकाराचा, वेगळा व भक्कम होता. पण आसने मऊ झाली, खिडक्यांना काचा आल्या, आणि गाडीत बसणारा माणूस शिपाई वा शेतकरी न राहता 'ग्राहक' झाला. २०१० नंतर पुढचे पाऊल पडले. सांगाडा आणि कवच एकजीव असलेली, आतून मोटारीसारखी व बाहेरून जीपसारखी दिसणारी वाहने बाजारात आली आणि त्यांनी पाहता पाहता बाजार व्यापला. २०१५-१६ साली देशात विकल्या गेलेल्या प्रवासी गाड्यांत या वर्गाचा वाटा सुमारे एकपंचमांश होता. २०२४-२५ मध्ये तो सुमारे ६५ टक्क्यांवर गेला. या गणनेत सात आसनी कौटुंबिक गाड्याही येतात हे खरे. तरीही बदलाचा वेग थक्क करणारा आहे.

नाव तेच, गुण निराळा

रानवाट तुडवण्याची क्षमता तीन-चार गोष्टींवर अवलंबून असते. इंजिनाची शक्ती चारही चाकांना पोहोचावी लागते. अत्यंत मंद गतीने पण मोठ्या जोराने गाडी ओढणारा 'लो' गिअर असावा लागतो. पोट जमिनीपासून उंच आणि पुढचे-मागचे टोक आखूड असावे लागते. यांपैकी उंची तेवढी दिसते, बाकीचे दिसत नाही. म्हणून बाजाराने उंची ठेवली आणि बाकीचे काढून टाकले. १९९८ ची सफारी चारही चाकांना शक्ती देणाऱ्या रूपात मिळत असे. २०२१ मध्ये त्याच नावाने आलेल्या गाडीत ती केवळ पुढच्या दोन चाकांना मिळू लागली. जीपचा थेट वारसा सांगणारी नवी थार २०२० मध्ये चार चाकांच्या शक्तीसह आली. जानेवारी २०२३ मध्ये तिचे मागच्या दोनच चाकांवर चालणारे, स्वस्त रूप काढावे लागले. आणि २०२४ मध्ये कुटुंबासाठी पाच दारांची थार अवतरली.

याउलट उदाहरण जिम्नीचे. जिप्सीच्या जागी २०२३ मध्ये आलेल्या या लहानशा गाडीने चारही चाकांची शक्ती व 'लो' गिअर सोडले नाहीत. देशात तिला अपेक्षेइतके गिऱ्हाईक मिळाले नाही. तीच भारतात बनलेली गाडी जानेवारी २०२५ मध्ये जपानमध्ये जाहीर झाली, तेव्हा अवघ्या काही दिवसांत सुमारे ५० हजार मागण्या नोंदल्या गेल्या आणि नोंदणी थांबवावी लागली. गुणाची गाडी बनविणे आपल्या कारखान्यांना साधत नाही, असे कोणी म्हणू नये. आपल्या बाजाराला तो गुण नको आहे, एवढेच.

कराची मोजपट्टी

या परिवर्तनात कुटुंबाच्या आवडीइतकाच शासनाच्या करधोरणाचा हात आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतील लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरील उत्पादनशुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले गेले. हेतू लहान गाड्यांना उत्तेजन देण्याचा होता. परिणाम असा झाला की कारखानदारांनी मोठ्या दिसणाऱ्या गाड्या चार मीटरच्या आत बसविण्याची कला हस्तगत केली. ग्रामीण महाराष्ट्राची लाडकी बोलेरोही २०१६ मध्ये चार मीटरच्या आतील लांबी आणि दीड लिटरचे इंजिन घेऊन नव्या रूपात आली. पुढे २०१३ मध्ये एसयूव्हीवरील शुल्क २७ वरून ३० टक्के झाले, तेव्हा तिची व्याख्या करताना लांबी, इंजिनाचे आकारमान आणि जमिनीपासून १७० मिलिमीटर उंची हे निकष लावले गेले. वस्तू व सेवा करातही मोठ्या गाड्यांसाठी अशीच मोजमापे राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला आणि लहान गाड्यांना १८ व मोठ्यांना ४० टक्के असे दोन सरळ दर आले; परंतु लांबी व इंजिन यांची पट्टी तीच आहे.

या साऱ्या व्याख्यांत एक प्रश्न कोठेही विचारला गेला नाही: शक्ती किती चाकांना मिळते? कायद्याने एसयूव्ही ओळखली ती तिच्या अंगलटीवरून, कर्तृत्वावरून नव्हे. मग कारखानदार आणि ग्राहक यांनीही तसेच केले, तर त्यांना दोष कसा द्यावा?

तक्रार कुटुंबाविरुद्ध नाही

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जुन्या जीपविषयीचे प्रेम बहुधा तिच्यात पुढे बसणाऱ्यांचे असते. मागे आडव्या बाकावर अंग चोरून बसलेल्या बायका, पायरीवर लोंबकळणारी पोरे आणि ताडपत्रीतून गळणारे पाणी त्या स्मरणरंजनात येत नाही. एखाद्या शिक्षकाने वृद्ध आईला नांदेडच्या दवाखान्यात नेण्यासाठी उंच, दारे घट्ट बंद होणारी, सुरक्षित गाडी घेतली, तर त्याने जीपचा अपमान केला असे कोणी म्हणणार नाही. शिवाय रस्तेही सुधारले. अकोल्याहून वाशीम, हिंगोलीमार्गे नांदेडकडे जाणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग चौपदरी झाला. २५ डिसेंबर २००० पासून सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेने अनेक गावांना डांबर दिसले. रस्ता आल्यावर रानवाटेचे कौशल्य विस्मरणात गेले, यात शोक करण्यासारखे काही नाही.

आक्षेप घ्यायचा तो न वापरायच्या ऐटीसाठी मोजल्या जाणाऱ्या किमतीवर. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली. वस्तू उपयोगासाठी घेतली जाते त्याहून अधिक ती इतरांना दिसावी म्हणून घेतली जाते, हे त्याचे प्रतिपादन या वाहनांना तंतोतंत लागू पडते. उंची ही तर सापेक्ष गोष्ट आहे. सर्वांच्याच गाड्या उंच झाल्या की कोणालाच पुढचे अधिक दिसत नाही. दुचाकीवरील कारकुनाच्या डोळ्यांवर दिव्यांचा झोत मात्र नेमका येतो. हिशेबही करून पाहावा. दहा लाखांचे कर्ज ९ टक्के दराने सात वर्षांसाठी घेतले, तर दरमहा सुमारे १६,१०० रुपये हप्ता पडतो आणि एकूण व्याजच साडेतीन लाखांच्या घरात जाते. पगारदार माणसाच्या घरात ही रक्कम कशाच्या बदल्यात जाते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

भारी जमिनीचा न्याय

खरा प्रश्न याहून पुढचा आहे. रानवाटा संपल्या म्हणून जीप संपली, असे आपण समजतो. पण रानवाटा खरोखर संपल्या आहेत काय? हिंगोली जिल्ह्याची काळी, भारी जमीन पाणी पिऊन फुगते. तिच्यातील चिकणमाती चाकाच्या खाचांत गच्च भरली की चाक गुळगुळीत होते आणि जागच्या जागी फिरत राहते. जून ते ऑक्टोबर या काळात गाव आणि शेत यांमधील पांदण, जिला सरकारी भाषेत पाणंद म्हणतात, ती वाट राहत नाही, ओढा होते. सोयाबीन काढणीला येते ते याच दिवसांत. वसमतची हळद नावाजलेली आहे. पण तिच्या मळ्यापर्यंत खत नेणारा शेतकरी भर पावसात ते डोक्यावरूनच नेतो.

गेल्या पावसाळ्यात सेनगाव तालुक्यातील एका सहकाऱ्याच्या शेतावर जाण्याचा योग आला. त्याची नवी, उंच गाडी डांबर सोडून दोनशे पावले गेली आणि रुतली. चाक जितके फिरवावे तितके खोल जाई. अखेर शेजारच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आला. साखळी सोडवताना तो एवढेच म्हणाला, "सर, गाडी भारी आहे, पण जमीनही भारीच आहे." त्या वाक्यात उपहास नव्हता. त्याच वाटेने त्याची मुले रोज चिखल तुडवत शाळेत येत होती. घरी कोणी आजारी पडले, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका डांबरावर थांबते आणि तेथपर्यंत रुग्णाला बाजेवर आणावे लागते.

या मातीत चार चाकांची शक्ती असलेली जीपही फार दूर जात नाही, हे जुन्या चालकांना ठाऊक आहे. म्हणजे यावरचा उपाय वाहनात नाही. मुरूम, खडी आणि दोन्ही बाजूंच्या नाल्यांत आहे. कायदाही नाही असे नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ अन्वये अडवलेला रस्ता मोकळा करून घेता येतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ अन्वये बांधावरून वाट मागता येते. राज्य शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आणली. परंतु जमिनीचे तुकडे पडत गेले, प्रत्येक वाटणीत बांध सरकत गेला आणि नकाशावरील गाडीवाट प्रत्यक्षात पायवाटेएवढी उरली. दोन शेजाऱ्यांच्या भांडणात तहसीलची तारीख पडते, पाऊस मात्र तारखेसाठी थांबत नाही.

तेव्हा सुचवावेसे वाटते ते असे. आधी गावाने पांदणीची मोजणी व अतिक्रमण यांचा निकाल उन्हाळ्यात लावावा. निधी त्यानंतर मागावा. ज्या वस्त्यांना बारमाही रस्ता अद्याप नाही, त्यांच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे खऱ्या अर्थाने चार चाकांवर चालणारे एखादे वाहन असावे. रस्ता होईपर्यंत निदान काही अंतर तरी ते तोडील. आणि ज्यांना मोठी गाडी घ्यायची आहे त्यांनी ती अवश्य घ्यावी. फक्त ती कोठे जाणार आहे हे आधी ठरवावे.

जीपची थोरवी तिच्या चाकांत होती त्याहून अधिक ती सर्वांची होती यात होती. तिच्यातून अधिकारी गेला, मतपेटी गेली, नवरी गेली, आजारी माणूसही गेला. तिचे रूप आज खाजगी अंगणात उभे आहे आणि तिचे काम शिवारात तसेच पडून आहे. कुटुंबाने जीपचा स्वभाव बदलला याबद्दल हळहळणाऱ्यांनी एकदा भर श्रावणात पांदणीने चालून पाहावे. हळहळायचे कशाबद्दल, ते तेथे कळेल.