ज्याचं त्याचं घड्याळ

सोसायटीतल्या कुठल्याही घरात बसून फोनवर वाय-फायची यादी उघडा, पंधरा-वीस नावं सहज दिसतील. यातला प्रत्येक राउटर सेकंदाला साधारण दहा हाका मारतो. त्या हाकेला बीकन म्हणतात आणि बहुतेक राउटरमध्ये दोन हाकांत 102.4 मिलिसेकंदांचं अंतर असतं. हाकेत नावाबरोबर एक आकडाही असतो: त्या राउटरच्या स्वतःच्या मोजणीतले मायक्रोसेकंद.

नेट अडखळलं की राउटरची तारीख-वेळ दुरुस्त करत बसणारे लोक मी पाहिले आहेत. फोनची तारीख चुकली तर सुरक्षित वेबसाइट कुरकुर करतील, हे खरं. पण रेडिओला आज सोमवार आहे की गुरुवार, याच्याशी देणंघेणं नाही. फोन तो मायक्रोसेकंदांचा आकडा ऐकून आपली मोजणी जुळवतो, म्हणजे डुलकी घेत असला तरी नेमका हाकेच्या वेळी जागा होतो आणि बॅटरी वाचते. आतला क्वार्ट्झ सेकंदाला 20 मायक्रोसेकंद चुकला, तर दिवसाला पावणेदोन सेकंदांचा घोळ होतो. दर हाकेला दुरुस्ती होत असल्याने तो खपून जातो.

मग शेजाऱ्यांचे राउटरही एका तालावर असतील? मुळीच नाही. दोन आळ्यांतल्या दोन देवळांत दोन भजनं चालावीत आणि प्रत्येकाने आपापला पखवाज धरावा, तसं हे आहे. वाय-फायमध्ये पाळी सहसा घड्याळ ठरवत नाही. आधी कानोसा घ्यायचा, हवा मोकळी दिसली तर 9-9 मायक्रोसेकंदांचे काही ठोके मनात मोजायचे आणि मग बोलायचं. किती ठोके, ते दर वेळी चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. ब्लूटूथचा इअरफोन मात्र फोनच्या घड्याळाला घट्ट बांधलेला असतो. दोघं 625 मायक्रोसेकंदांच्या घरांत, सेकंदाला 1600 वेळांपर्यंत मिळून चॅनेल बदलतात. लोकलच्या डब्यात शेजारी बसलेल्याच्या इअरफोनशी त्यांचा काही करार नसतो. कधी टक्कर होते, पॅकेट पुन्हा जातं.

तालुक्याच्या गावी टॉवरवरून 5 गिगाहर्ट्झवर इंटरनेट पुरवणाऱ्यांचा समज वेगळा: जीपीएसची डबी बसवली की त्रास संपला. हे अर्धंच खरं आहे. टॉवरवरच्या चार अँटेनांपैकी एक बोलत असताना दुसरी ऐकत असेल, तर दहा किलोमीटरवरच्या वाडीतून येणारा क्षीण आवाज शेजारणीच्या ओरडण्यात बुडतो. म्हणून चौघींनी एकदम बोलायचं आणि एकदम गप्प बसून ऐकायचं. जीपीएसचा सेकंदाला एक ठोका त्यासाठीच. पण ठोका फक्त सुरुवात सांगतो. 5 मिलिसेकंदांच्या फेरीत एकीने पाऊण वेळ बोलायला ठेवला आणि दुसरीने अर्धा, तर सुरुवात जुळूनही अर्ध्यानंतर एक ओरडते आणि दुसरी कान लावून बसते. फेरीची लांबी आणि वाटणी, दोन्ही सारखी हवी. शिवाय लहरींना ते दहा किलोमीटर कापायला 33 मायक्रोसेकंद लागतात. जाऊन-येऊन 66, तेवढी फट सोडावीच लागते. एवढं करूनही समोरच्या टेकडीवरचा दुसऱ्याचा टॉवर तुमच्या वाटणीने चालत नाही. त्याच्याबरोबर चहाला बसून आकडे ठरवणं मला कुठल्याही डबीपेक्षा भरवशाचं वाटतं.

कारण तक्रार कुणाकडे करणार? भारतात 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 मध्ये परवानामुक्त झाला, 5 गिगाहर्ट्झचा मोठा भाग 2018 मध्ये. परवाना नाही म्हणजे नियम नाहीत, असं नव्हे. किती शक्तीने बोलायचं यावर मर्यादा आहे. मात्र दुसऱ्याच्या गोंगाटापासून संरक्षण कुणालाच नाही.

2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात देशभर एकाच तालावर चालणारं यंत्र शोधायचंच, तर ते स्वयंपाकघरात आहे. मायक्रोवेव्ह ओव्हन 2.45 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि ट्रान्सफॉर्मरवाला जुना ओव्हन विजेच्या लयीत साधारण 10 मिलिसेकंद गोंगाट करून 10 मिलिसेकंद गप्प बसतो. 2013 च्या अखेरीस दक्षिणेचं ग्रिड जोडलं गेल्यापासून देशभरचं ग्रिड एकाच फ्रिक्वेन्सीवर आहे. म्हणजे नाशिकचा ओव्हन आणि मदुराईचा ओव्हन एकाच लयीत गोंगाट करतात. फक्त कानोसा घेणं त्यांना ठाऊक नाही.