हमीची किंमत कोणी मोजायची?

महाराष्ट्रातील बहुतेक शिक्षकांच्या व कारकुनांच्या वेतनातून ‘व्यवसाय कर’ या नावाखाली दरमहा २०० रुपये कापले जातात. फेब्रुवारीत ही कपात ३०० होते आणि वर्षाची बेरीज २,५०० भरते. आयकराची चर्चा घरोघर होते. या लहानशा कपातीची विचारपूस मात्र सहसा कोणी करीत नाही. वास्तविक तिच्यामागे एका लोकप्रतिनिधीचा अर्थविचार उभा आहे.

वि. स. पागे हे १९६० ते १९७८ या काळात विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीच्या हाती ना खाते असते, ना तिजोरी. तरीही रोजगार हमीचे जनकत्व पागे यांच्याकडेच जाते. काम मागणाऱ्या ग्रामीण प्रौढाला शासनाने काम दिलेच पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. तिची पहिली चाचणी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात झाली आणि १९७२ च्या दुष्काळात तिची निकड साऱ्या राज्याला पटली.

दुष्काळी काम ही सरकारची कृपा असते. पाऊस पडला की ती आटते. पागे यांना हक्क हवा होता. घटनेच्या ४१व्या कलमात कामाचा हक्क आहे खरा. परंतु तो मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळे न्यायालयात मागता येत नाही. रोजगार हमीच्या कायद्याने ही उणीव निदान ग्रामीण महाराष्ट्रापुरती भरून काढली. विधिमंडळाने १९७७ मध्ये संमत केलेला हा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, न मिळाल्यास बेकारी भत्ता, आणि कामेही पाझर तलाव, नालाबांध यांसारखी उत्पादक, असा त्याचा आशय होता.

परंतु हक्क दिला की त्याची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न उरतोच. लोकप्रतिनिधी सवलती मोठ्या आवाजात जाहीर करतात आणि कराचे नाव हळूच घेतात. येथे तसे घडले नाही. १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला. शहरातील पगारदार आणि व्यावसायिक यांनी खेड्यातील मजुराच्या हमीचा भार उचलावा, हे उघडपणे ठरले. बागायत जमीन आणि शहरांतील बिगरनिवासी मालमत्ता यांच्यावरही भार टाकण्यात आला. करांतून येईल तेवढीच रक्कम शासनानेही घालावी, असे बंधन होते.

या व्यवस्थेत दोन दोष मात्र राहिले. व्यवसाय कराची घटनात्मक कमाल मर्यादा वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली आणि तेथेच थबकली. परिणामी कनिष्ठ लिपिकाची कपात आणि बड्या कंपनीच्या संचालकाची कपात सारखीच. ज्याची ऐपत अधिक त्याने अधिक द्यावे, हे तत्त्व येथे लंगडे पडले. दुसरा दोष हिशेबाचा. हमीच्या नावे जमा झालेला पैसा पूर्णपणे हमीवर खर्च होत नाही, अशी टीका वारंवार झाली. महाराष्ट्राच्या अनुभवाचा आधार घेऊन संसदेने २००५ मध्ये देशव्यापी कायदा केला, तेव्हा मजुरीचा मोठा भार केंद्राकडे गेला. कपात मात्र पूर्वीसारखीच चालू राहिली.

म्हणून ती रद्द करावी काय? मुळीच नाही. कर देणारा आणि काम मागणारा यांच्यात एक करार झाला होता. तो मोडण्यापेक्षा त्याचा हिशेब मागणे अधिक शहाणपणाचे. आपल्या दोनशे रुपयांतून कोणत्या तालुक्यात कोणते काम उभे राहिले, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक पगारदाराला आहे. तो बजावला नाही, तर मजुराची हमी कागदावर उरेल आणि पगारदाराची कपात तेवढी खरी ठरेल.