उंबरा दिसला पाहिजे



साहित्याच्या व्यासपीठावर एका होमिओपॅथिक डॉक्टरने संगणकाच्या पडद्यांविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. त्याला एक लहानसा अपघात कारण आहे. गेल्या दिवाळीत माझी भाची पुण्याहून बेळगावला आली. डोळ्यांवर चढवायच्या यंत्रांत काय कुठे दिसावे, याची आखणी करणे हा तिचा व्यवसाय. तसे एक यंत्र तिने मला लावून दिले. घर नेहमीसारखे दिसत होते, शिवाय हवेत अक्षरे आणि चित्रे तरंगत होती. त्या नादात सोप्यातून माजघरात जाताना मी उंबऱ्याला ठेचकाळलो. भाचीने सावरले म्हणून निभावले. उतारवयात खुब्याचे हाड मोडले की घरादाराचे काय होते, हे मी रोग्यांकडे पाहिले आहे. चाळीस वर्षांच्या सवयीचा तो उंबरा एका तरंगत्या चौकटीमागे झाकला गेला होता.

या यंत्राला ऑगमेंटेड रिॲलिटी हेडसेट म्हणतात. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये असे यंत्र दाखवले; ते छताला टांगलेले असे. मोबाइलच्या पडद्याला कड असते आणि कडेपलीकडे आपले घर असते. इथे सारी खोलीच पडदा होते. म्हणून काय दाखवावे याच्या जोडीने काय झाकू नये, हेही आखणाऱ्याला ठरवावे लागते. त्याचे नियम शेवटी शरीराकडूनच येतात.

आधी डोळ्यांचे पाहू. जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे नाकाकडे वळतात आणि त्याच वेळी आतले भिंग फुगीर होते. या क्रिया जोडीने चालतात. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्समध्ये मात्र चित्राचा प्रकाश नेहमी सुमारे दोन मीटरवरून आल्यासारखा असतो. चित्र हातभर अंतरावर भासवले, तर डोळे हातभर अंतरासाठी वळतात आणि भिंगाला दोन मीटरचे अंतर धरावे लागते. जोडी फुटते, डोळे शिणतात, डोके दुखते. म्हणून चित्रे सव्वा ते पाच मीटरच्या दरम्यान, शक्यतो दोन मीटरवर ठेवावीत, असा त्या कंपनीचा सल्ला आहे.

मग हात. हवेतली बटणे दाबण्यासाठी हात उचलून धरला की थोड्याच वेळात खांदा भरून येतो. २०२४ मध्ये आलेल्या ॲपलच्या व्हिजन प्रोमध्ये बटणाकडे पाहायचे आणि मांडीवरच्या हाताचा अंगठा व तर्जनी जुळवायची, अशी सोय आहे. नुसत्या नजरेवर का भागवले नाही? नजर सारखी भिरभिरते. जिथे पडेल ते उघडू लागले तर माणूस हैराण होईल. रॉबर्ट जेकब या संशोधकांनी १९९० च्या सुमारास या अडचणीला मिडास राजाचे नाव दिले. हात लागेल त्याचे सोने होई, तेव्हा त्याच्या तोंडचा घासही सोन्याचा झाला. म्हणून नजरेने निवडायचे आणि बोटांनी होकार द्यायचा.

राहिले पाय. आमच्या जैन मुनींच्या आचारात ईर्यासमिती आहे. चार हात पुढची जमीन पाहत, पायाखाली जीव येणार नाही अशा बेताने चालायचे. तिचा हेतू अहिंसेचा आहे, पण ते चार हात या आखणाऱ्यांनीही मोकळे सोडावेत असे मला वाटते. माणूस चालू लागला की चौकटीने बाजूला व्हावे.

भाचीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मामा, आमच्या चाचण्या सपाट फरशीच्या दालनात होतात आणि तिथे सगळे पंचविशीतले असतात." आपल्या जुन्या घरांत उंबरे आहेत, अरुंद जिने आहेत, मध्येच मांडलेले पाट आहेत. मे महिन्यात ती पुन्हा येणार आहे. साठीपुढच्या ज्यांची तयारी असेल, त्यांनी माझ्या दवाखान्यात नाव द्यावे. उंबऱ्यापाशी ती स्वतः उभी राहणार आहे.