बाळंतविड्यातली ऊब

दिवाळी सरली, की नागपूरकरांच्या कपाटांतून स्वेटर बाहेर पडतात. शहरात तिबेटी विक्रेत्यांचा स्वेटर-बाजार लागतो, लोकरीच्या दुकानांतही गर्दी वाढते. उन्हाळ्यासाठी नाव असलेल्या आपल्या शहराला थंडीचाही हिसका बसतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी इथला पारा ३.५ अंशांपर्यंत खाली आला होता, हे अनेकांना आठवत असेल. पक्क्या घरात, दोन रजया घेऊन आपण कुडकुडत होतो. त्याच रात्री मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात, कुडाच्या भिंतींच्या घरात एखादे चार दिवसांचे बाळ असेल, तर त्याची रात्र कशी गेली असेल?

आपल्याकडे घरात बाळ येणार असे कळले, की आजी, मावशी, आत्या विणायला बसतात. टोपडे, झबले, मोजे, दुपटे, कुंची असा बाळंतविडा तयार होतो. बाजारात सगळे तयार मिळत असतानाही ही रीत टिकून आहे, याचा आनंद वाटतो. मात्र विणताना आपण बहुधा रंग आणि नक्षी यांचाच विचार करतो. मीही तेच केले होते. भाच्यासाठी विणलेल्या माझ्या पहिल्या टोपड्याला मोती होते, सॅटिनची रिबीन होती. सगळ्यांनी कौतुक केले. बाळाच्या डोक्यावर चढवले, तर कपाळावर लाल वळ उठला. वहिनीने ते जपून कपाटात ठेवले आणि बाळाला जुन्या सुती फडक्याचीच टोपी घातली. त्या टोपड्याने मला एक गोष्ट शिकवली. बाळाला नक्षी कळत नाही, त्याला ऊब कळते. भेट त्याच्या उपयोगी पडावी असे वाटत असेल, तर ऊब म्हणजे काय हे आधी समजून घ्यावे लागते.

नवजात बाळ लवकर का गारठते?

आईच्या पोटात बाळ सदतीस अंशांच्या उबेत असते. जन्मताना ते ओले असते आणि अंगावरचे पाणी वाळताना शरीरातली उष्णता घेऊन जाते. त्याची त्वचा पातळ असते आणि त्वचेखालची चरबी कमी. वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा असल्याने उष्णता भराभर निसटते. त्यातही डोके मोठे. अंगाच्या एकूण पृष्ठभागाचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या डोक्याचा असतो. मोठ्या माणसात तो दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. म्हणून बाळंतविड्यात टोपड्याचा मान पहिला.

थंडी वाजली की आपण कुडकुडतो आणि त्यातून अंग तापते. नवजात बाळाला नीट कुडकुडताही येत नाही. अंगातली एक खास प्रकारची चरबी जाळून ते उष्णता मिळवते. वेळेआधी जन्मलेल्या किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाकडे हा साठा थोडाच असतो. तो संपत आला की बाळ मलूल होते, दूध ओढत नाही, आणि दूध नाही म्हणून आणखी गारठते. बाळाच्या अंगाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे लागते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लोकर उष्णता निर्माण करत नाही, असलेली उष्णता राखते. तिच्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते आणि ती हवा ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणून गारठलेल्या बाळाला नुसता स्वेटर चढवला, तर ते स्वेटरच्या आतही गारच राहते. ऊब मिळते ती आईच्या अंगाची. बाळाला कोरडे पुसून आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लागेल असे ठेवायचे आणि वरून दोघांना पांघरूण घालायचे, ही पद्धत आता जगभर मान्य झाली आहे. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली, काचपेट्या अपुऱ्या पडत असताना डॉक्टरांनी ती सुरू केली. तिला कांगारू मदर केअर म्हणतात. आपल्या आदिवासी भगिनी बाळाला लुगड्याने अंगाशी बांधून घेतात, तेव्हा त्याच उबेचा आधार त्यालाही मिळत असतो. आपल्या विणकामाचे काम एवढेच, की आईने दिलेली ही ऊब निसटू नये.

विदर्भातच मिळालेला धडा

याचे मोठे उदाहरण आपल्या गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांमध्ये घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. श्वास, स्तनपान, जंतुसंसर्ग ओळखून त्यावर उपचार आणि बाळाला उबदार ठेवणे, अशी ती सगळी कामे होती. उबेसाठी टोपी, कपडे, पांघरूण आणि बाळाला ठेवण्याची उबदार पिशवी अशा साध्या वस्तू वापरल्या गेल्या. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. यश अर्थातच सगळ्या कामांचे मिळून होते, एकट्या टोपीचे नव्हे. पण त्या कामांच्या यादीत टोपीलाही जागा होती, हे विणणाऱ्या हातांनी लक्षात ठेवावे.

२०११ पासून सरकारनेही आशाताईंमार्फत अशा गृहभेटी सुरू केल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई घरी येतात. घरीच झाले असेल तर पहिल्या दिवशीही येतात.

लोकर कोणती घ्यावी?

दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळते ती पुष्कळदा मेंढीची नसते, ॲक्रिलिकचा धागा असतो. तो स्वस्त, मऊ, धुवायला सोपा आणि रंगाला पक्का. शहरातल्या घरात त्याने काही बिघडत नाही. पण जिथे बाळ-बाळंतिणीजवळ शेगडी किंवा चूल पेटती असते, तिथे हा धागा धोक्याचा आहे. ठिणगी पडली तर तो वितळतो आणि कातडीला चिकटतो. खरी लोकर सहजासहजी पेट घेत नाही आणि विस्तव दूर केला की बहुधा विझते. म्हणून खेड्यापाड्यात पाठवायच्या कपड्यांसाठी परवडेल तर खरी लोकर घ्यावी. आणि कपडा कोणताही असो, बाळ विस्तवापासून लांबच ठेवायला सांगावे.

खऱ्या लोकरीचा आणखी एक गुण म्हणजे ती बरीच ओल शोषूनही ओलसर लागत नाही. दोषही आहेत. गरम पाण्यात चोळून धुतली तर ती आटून घट्ट होते. तिला कोमट पाणी, सौम्य साबण आणि सावलीतले वाळवणे लागते. हे सांगितल्याशिवाय भेट देऊ नये. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, पण बाळाच्या कातडीला ती खरखरीत लागते. मऊ लोकरही थेट अंगाला लागू नये. आत सुती झबले असावे. त्यासाठी आजीच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्यासारखे कापड नाही.

टोपड्याचा हिशेब

पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४ सेंटिमीटर असतो. टोपडे किंचित ताणून बसावे म्हणून ते ३२ सेंटिमीटर घेराचे विणावे. टाके किती घालायचे, हे दुसऱ्याच्या नमुन्यावरून ठरवू नये, कारण प्रत्येकीचा हात वेगळा असतो. आधी एक चौकोनी तुकडा विणून १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजावे. मध्यम जाडीची लोकर आणि १० नंबरच्या सुयांवर समजा २५ टाके बसले, तर ३२ सेंटिमीटरला ८० टाके होतात. शिवणीचे दोन धरून ८२.

८२ टाके घालून चार सेंटिमीटर एक सुलट, एक उलट अशी पट्टी विणावी. पुढे एक ओळ सुलट, एक ओळ उलट असे एकूण उंची दहा सेंटिमीटर होईपर्यंत विणत जावे. मग टाके घटवायला घ्यावेत. कडेचा एकेक टाका सोडून, सहा सुलट आणि दोनाचा एक, असे ओळभर करावे. ८० चे ७० होतील. मागची ओळ उलट. पुढच्या सुलट ओळीत पाच सुलट आणि दोनाचा एक, त्यापुढे चार, तीन, दोन, एक असे करत शेवटी नुसतेच दोनाचा एक. कडेचे धरून १२ टाके उरतील. त्यांतून धागा ओवून घट्ट ओढावा आणि शिवण सपाट घालावी, जाड शिवण बाळाला टोचते. अशा टोपड्याला साधारण २५ ते ३० ग्रॅम लोकर पुरते.

कमी वजनाच्या बाळाचे डोके लहान असते. त्यासाठी ७२ टाक्यांवर सुरुवात करून घटवताना पाच सुलटपासून सुरू करावे आणि पट्टी व उंची एकेक सेंटिमीटरने कमी ठेवावी. बाजारात या मापाचे टोपडे सहज मिळत नाही आणि ज्या बाळाला टोपड्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ते मोठे होऊन डोळ्यांवर येते. हाताने विणण्याचा खरा फायदा इथे दिसतो.

झबले, मोजे आणि क्रोशाचे दुपटे

झबले पुढून पूर्ण उघडे ठेवावे आणि बाजूला सपाट बंद लावावा. डोक्यातून घालायचा स्वेटर दिसायला छान, पण तो काढल्याशिवाय बाळाला आईच्या छातीशी घेता येत नाही. पुढून उघड्या झबल्यात पाठ झाकलेली राहते आणि छाती आईला लागते.

मोजे आणि हातमोजे विणून झाले की उलटे करून पाहावेत. आत सुटलेला धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला, तर रक्त अडते आणि बाळ का रडते ते कळत नाही. धाग्यांची टोके आतल्या बाजूला विणून, मगच कापावीत.

क्रोशाचे काम मला अतिशय आवडते. खरा क्रोशा आजही यंत्रावर होत नाही, तो माणसाच्या हातूनच होतो. पण साखळी आणि उंच खांबांच्या जाळीतून वारा आत येतो, बाळाची बोटेही अडकतात. बाळासाठी क्रोशाने करायचे असेल तर मुक्या खांबांची दाट वीण घ्यावी आणि दुपट्याला आतून सुती कापड लावावे. जाळीची नक्षी हौसेने दुपट्याच्या कडेला दोन बोटे करावी. मोती, बटणे, गोंडे आणि गळ्याशी बांधायच्या लांब दोऱ्या मात्र कटाक्षाने टाळाव्यात. त्या तोंडात जातात किंवा गळ्याला आवळतात.

घालताना काय पाहावे?

हाताच्या पाठीने बाळाचे पोट आणि पाऊल चाचपावे. दोन्ही उबदार, तर बाळ ठीक आहे. पोट उबदार पण पाऊल गार, तर बाळाला थंडी वाजते आहे, त्याला लगेच आईच्या अंगाशी घ्यावे. दोन्ही गार असतील तर ते आजाराचे लक्षण समजावे. बाळाला छातीशी धरून, झाकून तातडीने दवाखाना गाठावा. उलट बाळाला घाम आला किंवा चेहरा लाल झाला, तर कपडे जास्त झाले आहेत. आपल्याकडे डिसेंबरातही दुपार तापते, तेव्हा टोपडे काढावे. ओले झालेले लोकरीचे कपडे लगेच बदलावेत. झोपलेल्या बाळाच्या तोंडावर पांघरूण येऊ देऊ नये.

भेट कोणाची?

आपले अनेक वाचक थंडीच्या आधी विणलेले कपडे पाठवतात. त्यांना एवढेच सांगणे, की जे माप, जी लोकर, जी काळजी आपण आपल्या नातवासाठी घेतो, तीच तिथल्या बाळासाठी घ्यावी. उरलेल्या रंगांचे टोपडे चालेल, उरलेल्या काळजीचे नको.

आणि शक्य असेल तर तयार कपड्यांबरोबर सुयांचा जोड आणि लोकरीच्या गुंड्याही द्याव्यात. वेळ असेल त्या भगिनींनी चार दिवस गावात बसून टाके शिकवावेत. गोंड, माडिया किंवा कोरकू घरातली आजीही आजीच असते. आपल्या नातवाच्या डोक्यावर आपल्या हातचे टोपडे असावे, ही हौस तिलाही आहे. बाहेरून आलेले टोपडे एक हिवाळा पुरते. तिला टाके आले, तर पुढच्या हिवाळ्यात ती शेजारच्या बाळंतिणीसाठीही विणेल आणि आपल्या वाटेकडे डोळे लावून बसणार नाही.

या वर्षी सुया हातात घ्याल, तेव्हा आधी तो छोटा चौकोन विणा आणि टाके मोजा. नक्षी नंतर ठरवता येईल.